विश्लेषण : बँक ऑफ इंग्लंडची कल्पना मांडणारे विल्यम पॅटरसन पनामात कसे बुडाले? स्कॉटलंडमधील ३०० वर्षांपूर्वीच्या हिशेबवह्या काय सांगतात?

एडिनबरा येथील नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये एक जुनी वही जपून ठेवलेली आहे. २६ फेब्रुवारी १६९६ रोजी ती उघडली गेली आणि लोकांनी तिच्यात आपले नाव व रक्कम लिहून सही करण्यास सुरुवात केली. पहिली सही हॅमिल्टनच्या डचेस अ‍ॅन यांची होती, रक्कम ३,००० पौंड. त्यानंतर सरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी, विधवा स्त्रिया, एवढेच नव्हे तर एडिनबरा आणि ग्लासगो या शहरांच्या नगरपालिकांनीही सह्या केल्या. आजच्या भाषेत सांगायचे तर तो एका कंपनीचा ‘आयपीओ’ होता. त्यामागे डोके होते विल्यम पॅटरसन यांचे. स्कॉटलंडचा पैसा बुडवणारा माणूस, अशी त्यांची ओळख आजही सांगितली जाते. पण याच कंपनीच्या हिशेबवह्या थोडी वेगळी गोष्ट सांगतात.

विल्यम पॅटरसन कोण होते?

पॅटरसन यांचा जन्म १६५८ मध्ये दक्षिण स्कॉटलंडमधील डमफ्रीशायरमधल्या टिनवल्ड येथे, एका शेतकरी कुटुंबात झाला. तरुणपणी ते वेस्ट इंडिजमध्ये व्यापार करत होते. पुढे लंडनमध्ये त्यांचा जम बसला. त्या वेळी इंग्लंडचे फ्रान्सशी युद्ध सुरू होते आणि सरकारची तिजोरी रिकामी होती. अनेक लोकांकडून भांडवल गोळा करून सरकारला कर्ज द्यायचे आणि त्या कर्जाच्या आधारावर बँक चालवायची, अशी योजना पॅटरसन यांनी मांडली. त्यातून १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड उभी राहिली. बँकेने सरकारला ८ टक्के व्याजाने १२ लाख पौंड दिले. पॅटरसन बँकेच्या पहिल्या संचालकांपैकी एक होते. मात्र सहकाऱ्यांशी मतभेद झाल्याने १६९५ मध्येच ते बाहेर पडले.

‘डेरियन योजना’ काय होती?

अटलांटिक आणि पॅसिफिक या दोन महासागरांमध्ये पनामाची चिंचोळी पट्टी आहे. तेथील डेरियन भागात वसाहत उभारायची, माल एका किनाऱ्यावर उतरवून दुसऱ्या किनाऱ्यावर न्यायचा आणि जगाच्या व्यापाराचे नाके आपल्या हाती ठेवायचे, ही पॅटरसन यांची कल्पना. कल्पना वेडगळ नव्हती. १९१४ मध्ये याच पट्टीत पनामा कालवा सुरू झाला. अडचण अशी, की पॅटरसन यांनी स्वतः डेरियन पाहिलेले नव्हते.

जून १६९५ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने ‘कंपनी ऑफ स्कॉटलंड’ला परवानगी दिली. तिला आफ्रिका, आशिया आणि अमेरिकेत व्यापाराचे हक्क मिळाले. मुंबई बेट तेव्हा ज्या ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होते, तिच्या मक्तेदारीला हा थेट धक्का होता. तिने लंडनमध्ये विरोध सुरू केला. इंग्लंडच्या संसदेने चौकशी लावली आणि लंडनच्या गुंतवणूकदारांनी कबूल केलेले ३ लाख पौंड मागे घेतले. मग स्कॉटलंडने एकट्याने ४ लाख पौंडांचा आकडा ठरवला. एका व्यक्तीला किमान १०० आणि कमाल ३,००० पौंड गुंतवता येत होते. ऑगस्ट १६९६ पर्यंत संपूर्ण रक्कम लिहून झाली.

पॅटरसन यांच्यावर संशय का आला?

परदेशात जहाजे व माल खरेदी करण्यासाठी कंपनीने सुमारे २५,००० पौंड पॅटरसन यांच्या हवाली केले. त्यांनी ते लंडनमधील आपले सहकारी जेम्स स्मिथ यांच्याकडे सोपवले. हिशेब जुळेना, तेव्हा सुमारे ८,००० पौंडांचा घोळ समोर आला. पैसे स्मिथ यांनी परस्पर वापरले होते. कंपनीने चौकशी नेमली. पॅटरसन यांनी अफरातफर केलेली नाही, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. तरीही संचालकांनी त्यांना कारभारातून दूर केले. ज्यांनी योजना आखली, ते मोहिमेवर निघाले तेव्हा त्यांच्याकडे कोणतेही पद नव्हते. सोबत पत्नी होती. वाटेत मदेरा बेटावर एक जागा रिकामी झाल्यावर त्यांना वसाहतीच्या कौन्सिलमध्ये घेण्यात आले.

वसाहतीत काय घडले?

जुलै १६९८ मध्ये पाच जहाजांतून सुमारे १,२०० लोक निघाले आणि नोव्हेंबरमध्ये डेरियनला पोहोचले. मालात लोकरी मोजे, विग आणि कंगवे होते. उष्ण, दमट जंगलात त्यांना गिऱ्हाईक मिळण्याची शक्यता नव्हती. ताप आणि हगवणीने माणसे मरू लागली. पॅटरसन यांच्या पत्नी पोहोचल्यानंतर काही दिवसांतच गेल्या. मृतांच्या नावांची यादी १६९९ मध्ये एडिनबरामध्ये छापली गेली, त्यात त्यांचीही नोंद आहे.

दरम्यान, स्पेनला दुखवायचे नाही म्हणून राजा विल्यम यांच्या आदेशावरून अमेरिकेतील इंग्लिश वसाहतींना स्कॉट लोकांना कोणतीही मदत करण्यास बंदी घालण्यात आली. जून १६९९ मध्ये वसाहत सोडावी लागली. तापाने फणफणलेल्या पॅटरसन यांना जहाजावर चढवावे लागले. ही बातमी स्कॉटलंडला पोहोचण्यापूर्वीच दुसऱ्या मोहिमेची तयारी झाली होती. तिने १७०० मध्ये स्पेनपुढे शरणागती पत्करली. दोन्ही मोहिमांवर गेलेल्या सुमारे २,५०० लोकांपैकी जवळपास २,००० जणांचा मृत्यू झाला.

लोकांचे पैसे परत मिळाले का?

मिळाले, पण त्याची किंमत राजकीय होती. वहीत ४ लाख पौंड लिहिलेले असले तरी कंपनीने पैसे हप्त्यांत मागवले होते. प्रत्यक्ष भरणा झाला सुमारे दीड लाख पौंडांचा. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे एकत्रीकरण झाले, तेव्हा इंग्लंडने स्कॉटलंडला ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग देण्याचे ठरले. या रकमेला ‘इक्विव्हॅलंट’ म्हटले गेले. त्यातून कंपनीच्या भागधारकांना मुद्दल आणि ५ टक्के दराने व्याज देण्यात आले. देश विकला गेला, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते.

ही रक्कम मोजण्याच्या कामात पॅटरसन स्वतः होते. इतरांची भरपाई ठरवणाऱ्या या माणसाला स्वतःची भरपाई मात्र १७१५ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी मंजूर झाली. ती १८,००० पौंडांहून थोडी अधिक होती. जानेवारी १७१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

ही कागदपत्रे आज कुठे आहेत?

‘इक्विव्हॅलंट’मधील काही रक्कम रोखीऐवजी रोख्यांच्या स्वरूपात देण्यात आली होती. त्या रोखेधारकांनी एकत्र येऊन कंपनी काढली आणि १७२७ मध्ये तिच्यातून रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड जन्माला आली. म्हणूनच डेरियनचे काही दप्तर या बँकेच्या, म्हणजे आताच्या नॅटवेस्ट समूहाच्या, अभिलेखागारात आहे. मोठा भाग नॅशनल लायब्ररीत आहे. पैसे आणि कागद ठेवण्याची कंपनीची लोखंडी पेटी एडिनबरामधील नॅशनल म्युझियममध्ये पाहता येते.

या वह्यांचे महत्त्व कशात?

डेरियन बुडाले ते घोटाळ्यामुळे, असे म्हणणे सोपे होते आणि त्यासाठी पॅटरसन यांचे नावही तयार होते. पण ८,००० पौंड कुठे गेले, हे कंपनीच्या हिशेबतपासणीने तेव्हाच शोधून काढले होते. जे वहीत कुठेच नव्हते ते म्हणजे डेरियनचा पाऊस, तिथला ताप आणि लंडनच्या राजकारणाचा धोका. सह्या करणाऱ्या शेकडो लोकांपैकी कोणी त्याची रक्कम मांडली नाही. पॅटरसन यांनीही नाही. फरक इतकाच, की सह्या करणारे बहुतेक जण घरी थांबले आणि पॅटरसन पत्नीला घेऊन जहाजावर चढले.