कप देणारा डेव्हिस

स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक पुस्तकात एक पान हमखास असतं. डावीकडे कप, उजवीकडे खेळ. रणजी करंडक : क्रिकेट. थॉमस कप : बॅडमिंटन. डेव्हिस कप : टेनिस. दहावीपासून मी हे पान पाठ करत आलोय. रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण हा डेव्हिस कोण, असा प्रश्न कधी डोक्यात आला नाही. परीक्षेत विचारत नाहीत ना!

मी सौंदडचा. गोंदिया जिल्ह्यातलं, मुंबई-कोलकाता हायवेवरचं गाव. धानाची मळणी आटोपली की आमच्याकडे दोन गोष्टींना जोर येतो, झाडीपट्टीची नाटकं आणि कबड्डीचे सामने. सामन्याच्या रात्री माइकवरून सारखं पुकारतात, पहिलं बक्षीस अमक्यांकडून, शिल्ड तमक्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ. बक्षीस देणारे साहेब स्टेजवर खुर्चीत बसतात, हार घालून घेतात, नारळ फोडतात. त्यांच्या पायाला माती लागलेली आम्ही पोट्ट्यांनी कधी पाहिली नाही. त्यामुळे डेव्हिस म्हणजे असाच कोणीतरी शेठ असणार, असं मी धरून चाललो होतो.

मागच्या सेमिस्टरला पीएलमध्ये, अभ्यास सोडून बाकी सगळं वाचायचं असतं तेव्हा, लायब्ररीत त्याची माहिती हाती लागली. शेठ तर तो होताच. पण त्याने कप दिला, आणि मग स्वतः मैदानात उतरून तो जिंकला! तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाही. म्हणून हा लेख.

ड्वाइट फिली डेव्हिस याचा जन्म 5 जुलै 1879 चा, अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातला. घरी पिढीजात व्यापार, पैशाला तोटा नाही. शिकायला हार्वर्डला गेला. डावखुरा खेळाडू. एकेरीत तो कधी राष्ट्रीय विजेता झाला नाही, पण होल्कोम्ब वॉर्ड या मित्राबरोबर 1899, 1900 आणि 1901 अशी सलग तीन वर्षं त्याने अमेरिकेचं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

1899 च्या उन्हाळ्यात हार्वर्डची ही पोरं रेल्वेने देश ओलांडून कॅलिफोर्नियाला खेळायला गेली. पूर्वेकडचे विरुद्ध पश्चिमेकडचे असे सामने झाले आणि लोकांनी ते उचलून धरले. तिथून डेव्हिसच्या मनात आलं, एका देशाच्या दोन भागांत खेळताना एवढी मजा येते, तर दोन देशांत का नको? तेव्हा तो वीस वर्षांचा होता. म्हणजे आपल्या सेकंड इयरच्या वयाचा. या वयात आपल्यालाही रात्री दोन वाजता टेरेसवर अशा कल्पना सुचतात. सकाळच्या लेक्चरला त्या विरून जातात, एवढाच फरक.

त्याने काय केलं? अमेरिकन टेनिस संघटनेसमोर कल्पना मांडली आणि स्वतःच्या खिशातून बोस्टनच्या एका पेढीकडे चांदीचं मोठं भांडं करायला टाकलं. वजन 217 ट्रॉय औंस, म्हणजे पावणेसात किलोच्या आसपास. स्पर्धेचं कागदावरचं नाव वेगळंच होतं, पण लोकांनी थोड्याच दिवसांत तिला डेव्हिस कप करून टाकलं.

भांड्यापेक्षा मला त्याने ठरवलेली सामन्याची पद्धत भारी वाटते. दोन देशांमध्ये तीन दिवसांत पाच सामने. चार एकेरी, एक दुहेरी. पाच हा विषम आकडा, म्हणजे बरोबरीची भानगड नाही. ज्याचे तीन झाले तो जिंकला. आता गंमत बघा. एका खेळाडूला एकेरीचे दोनच सामने मिळतात. तो जगात पहिला असला तरी एकट्याच्या जोरावर दोनच गुण. तिसऱ्यासाठी एक तर जोडीदार लागतो, नाहीतर दुसऱ्या भिडूने जिंकावं लागतं. टेनिससारखा एकट्याचा खेळ त्याने एवढ्या साध्या गणिताने संघाचा करून टाकला. दुहेरीत मुरलेल्या माणसालाच हे सुचणार! ही पद्धत मुख्य स्पर्धेत 2018 पर्यंत चालली. 2019 पासून अंतिम टप्प्याचं स्वरूप बदललं, सामने कमी झाले, पण दुहेरी अजून आहे.

पहिली लढत ऑगस्ट 1900 मध्ये बोस्टनच्या लॉन्गवुड क्रिकेट क्लबवर झाली. समोर ब्रिटन. त्यांचे सगळ्यात नावाजलेले डोहर्टी बंधू आलेच नव्हते. आर्थर गोर, अर्नेस्ट ब्लॅक आणि हर्बर्ट रोपर बॅरेट असे तिघे आले, आणि बोस्टनला पोचण्याआधी नायगारा धबधबा बघून आले! फार गंभीरपणे घेतलं नसावं बहुतेक. डेव्हिस स्वतः कप्तान. ब्लॅकविरुद्ध तो पहिला सेट 4-6 हरला आणि पुढचे तिन्ही जिंकला. माल्कम व्हिटमनने गोरला सहज हरवलं. दुसऱ्या दिवशी डेव्हिस-वॉर्ड जोडीने दुहेरी जिंकली आणि विषय संपला. अमेरिकन सर्व्हिसचा चेंडू टप्पा पडल्यावर भलतीकडेच उसळायचा, तो पाहुण्यांना कळेना. गवत वाढलेलं, चेंडू मऊ आणि नेट लोंबकळलेलं अशी तक्रार बॅरेटने नंतर केली. हरलेली टीम पिचला नावं ठेवते, हे तेव्हाही होतं तर!

1902 ला कप पुन्हा अमेरिकेने राखला, पण डेव्हिस-वॉर्ड जोडी यावेळी डोहर्टी बंधूंकडून हरली. 1903 मध्ये ब्रिटिशांनी बोस्टनला येऊन कप जिंकला आणि घेऊन गेले. तेव्हा डेव्हिस 24 वर्षांचा होता.

इथे गोष्ट संपली असती तर मी लेख लिहिला नसता. डेव्हिस सेंट लुइसला परतला, कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. 1911 ते 1915 या काळात तो शहराच्या बागांचा कमिशनर होता. तेव्हा बाग म्हणजे लांबून बघायची वस्तू आणि टेनिस म्हणजे क्लबवाल्यांचा खेळ. डेव्हिसचं मत उलटं होतं. बागेने गवत आणि झाडं नव्हे, तर माणसं वाढवावीत, असं तो मानायचा. त्याने सार्वजनिक बागांमध्ये टेनिस कोर्ट आणि खेळाची मैदानं करायला घेतली. क्लबची मेंबरशिप नाही, घराण्याची ओळख नाही, तरी माणूस जाऊन खेळू शकेल. सेंट लुइसच्या फॉरेस्ट पार्कमधल्या टेनिस केंद्राला त्याचंच नाव आहे.

पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये लढला. सप्टेंबर 1918 मधल्या आर्गॉनच्या लढाईतल्या शौर्यासाठी त्याला डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळाला. 1925 ते 1929 तो अमेरिकेचा युद्धमंत्री होता. मेकॅनिकलवाल्यांनी कान द्यावा. 1927 मध्ये त्याने इंग्लंडला रणगाडे आणि मोटारींची प्रायोगिक फौज बघितली आणि तशीच आपल्याकडे उभी करायचा आदेश दिला. घोड्यांच्या जमान्यातल्या सैन्यात इंजिन आणण्याची ती सुरुवात होती. पुढे 1932 पर्यंत तो फिलिपीन्सचा गव्हर्नर जनरल होता. म्हणजे दुसऱ्याच्या देशावर राज्य करणाऱ्या सत्तेचा माणूस, हेही लिहायला पाहिजे.

28 नोव्हेंबर 1945 ला वॉशिंग्टनमध्ये तो वारला. वय 66. दुसऱ्या महायुद्धामुळे स्पर्धा सहा वर्षं बंद होती आणि कप 1939 पासून ऑस्ट्रेलियाकडे होता. आपल्या कपाचा पुन्हा सुरू झालेला खेळ काही त्याला बघता आला नाही.

आणखी एक गोष्ट राहते. त्याने कोर्ट लोकांना दिली खरी, पण त्या काळच्या अमेरिकेत लोक म्हणजे सगळे लोक नव्हते. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या कोर्टवर जागा नसायची. रिचमंड शहरात असंच वाढलेला आर्थर ॲश शाळेच्या शेवटच्या वर्षासाठी, 1960-61 मध्ये, डेव्हिसच्याच सेंट लुइसमध्ये येऊन राहिला. 1963 मध्ये तो अमेरिकेच्या डेव्हिस कप संघातला पहिला काळा खेळाडू झाला.

आणि आपण? भारत 1921 मध्ये पहिल्यांदा खेळला आणि पहिल्याच लढतीत पॅरिसला जाऊन फ्रान्सला हरवून आला. अंतिम फेरीत आपण तीनदा पोचलो, 1966, 1974 आणि 1987. त्यातलं 1974 मला सगळ्यात मोठं वाटतं. आपण ऑस्ट्रेलियाला कोलकात्यात आणि सोव्हिएत युनियनला आपल्या पुण्यात हरवलं. फायनलला समोर दक्षिण आफ्रिका, जिथे कातडीचा रंग बघून मैदानात घ्यायचे. भारत खेळला नाही. एकही चेंडू न मारता कप त्यांच्याकडे गेला. आपण कधीच हा कप जिंकलेलो नाही. खेळाडूंच्या आयुष्यातली ती संधी होती, त्यांना किती लागलं असेल! पण कोर्टवर कोण उतरू शकतो हा प्रश्न कपापेक्षा मोठा आहे, असं त्या वर्षी आपल्या देशाने ठरवलं. डेव्हिसने सेंट लुइसच्या बागांमध्ये जे अर्धं केलं, त्याचा उरलेला अर्धा भाग तोच होता, असं मला वाटतं.

आता घरचा विषय. आपल्या हॉस्टेलच्या मागे टेनिस कोर्ट आहे, हे फर्स्ट इयरवाल्यांना माहीत तरी आहे का? कुंपणाच्या जाळीवर आपले टॉवेल अन् जीन्स वाळतात आणि आत गुडघाभर गवत. मी दोनदा किल्ली मागितली. पोरं कोर्ट खराब करतील, असं उत्तर मिळालं. बाप्पा, आता काय खराब व्हायचं राहिलं? पण चूक एकट्या जिमखान्याची नाही, टॉवेल तर आपलेच आहेत ना.

गॅदरिंगला आपण दरवर्षी ढिगाने कप वाटतो. यंदा एक कप कमी आणा आणि त्या पैशात नेट घ्या. गवत काढायला मी आणि माझा रूम पार्टनर येतो, विळा सौंदडहून आणतो. सकाळी सहा ते आठ कोर्ट उघडं ठेवा, रॅकेट धरता येणाऱ्यालाही आणि न येणाऱ्यालाही. मी दुसऱ्या गटातला आहे, पण दुहेरीला मला जोडीदार पाहिजे. रविवारी सकाळी मी जाळीपाशी उभा असेन. ज्याचे टॉवेल असतील त्याने तेवढे आधी काढून न्यावेत.