ब्रूस लीची कंबर

ब्रूस लीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४० चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. बालपण हाँगकाँगात गेले. पुढे सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात तो तत्त्वज्ञानही शिकला, हे आपल्या कलाशाखेच्या मंडळींनी ध्यानात ठेवावे.

१९७० साली खांद्यांवर वजनाची दांडी घेऊन कमरेतून वाकण्याचा व्यायाम करताना त्याची कंबर दुखावली. अंग पुरेसे मोकळे न करताच त्याने वजन घेतले होते, असे सांगतात. डॉक्टरांनी अंथरूण धरायला लावले आणि पुन्हा लाथ मारता येणार नाही, असे बजावले. शरीरावरच ज्याचे पोट, त्याला हा निकाल! घरात दोन लहान मुले, पैशांची चणचण. पत्नी लिंडा नोकरीला लागली. पडल्या पडल्या त्याने पुष्कळ वाचले, युद्धकलेवरील टिपणांनी वह्या भरल्या. त्याच्या टिपणांचे पुस्तक १९७५ मध्ये, त्याच्या पश्चात, निघाले. मला तर त्याच्या चित्रपटांहून या वह्याच मोठ्या वाटतात.

काही महिन्यांनी, बेताबेताने, सराव पुन्हा सुरू झाला. १९७१ मध्ये ‘द बिग बॉस’साठी तो थायलंडला गेला, त्या लाथा जगाने पाहिल्याच. कंबर मात्र पुरती बरी झाली नाही. २० जुलै १९७३ रोजी हाँगकाँगमध्ये तो वारला, तेव्हा अवघ्या ३२ वर्षांचा होता.