ऋणमोचनच्या जत्रेतील यजमान : श्री संत गाडगेबाबा

दिवाळी जवळ आली म्हणजे आपल्या मंडळाच्या बैठकीत निराधार वृद्धांना फराळ व चादरी वाटण्याचा विषय दरवर्षी निघतो. वर्गणी जमते, याद्या होतात आणि पाहुणे कोणास बोलवावे ह्यावर बराच वेळ खर्ची पडतो. यंदा स्मरणिकेसाठी लेख देण्याची आज्ञा झाली तेव्हा ह्याच विषयास अनुलक्षून श्री गाडगेबाबांचे चरित्र थोडक्यात सांगावे असे मनाने घेतले. सणासुदीला आणि जत्रेला निराश्रितांचे ताट प्रथम मांडावयाचे, ही रीत आपल्या वऱ्हाडात ज्या पुरुषाने आपल्या हातांनी घालून दिली तो हाच.

बाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 23 फेब्रुवारी 1876 रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, एका परीट कुटुंबात झाला. पाळण्यातील नाव डेबूजी. वडिलांचे नाव झिंगराजी व आईचे सखुबाई. झिंगराजी स्वभावाने वाईट नव्हते, परंतु दारूने त्यांचा घास घेतला आणि डेबूजी लहान असतानाच सखुबाई विधवा झाल्या. पोरक्या मुलास घेऊन ती माउली मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी माहेरी आली. मामाकडे गुरे राखणे, नांगर धरणे, पुराच्या पाण्यात पोहणे ह्यांतच डेबूजींचे बालपण गेले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. पुढे सावकाराच्या कागदांवर विश्वासाने अंगठा उठवून मामाची जमीन गेली, तेव्हा अक्षर न येण्याची किंमत काय पडते हे त्यांना कळले. आणि ते दुःख त्यांच्या कीर्तनांत जन्मभर डोकावत राहिले.

1892 साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. कन्या झाली तेव्हा बारशाचा प्रसंग आला. त्या काळी आपल्या समाजात बारसे म्हटले की बकरे आणि दारू ठरलेली. न दिल्यास पंगत उठून जावयाची. डेबूजींनी पंगतीत गोडाचे जेवण वाढले. जातभाई रुसले, नावे ठेवू लागले, पण यजमान डगमगला नाही. ज्या व्यसनाने बाप नेला त्याच्यासाठी कर्ज काढून उत्सव करावयाचा नाही, हा त्यांचा निश्चय होता. सण म्हणजे काय आणि सणाचे अन्न कोणासाठी, ह्या विचाराचा आरंभ मला ह्या बारशातच दिसतो.

1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी व दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हाती काठी आणि मातीचे गाडगे. त्या गाडग्यातच भिक्षा, त्यातच पाणी. लोक त्यांना कोठे गोधडेमहाराज तर कोठे गाडगेमहाराज म्हणू लागले. ज्या गावी जावयाचे तेथे आधी खराटा हाती घेऊन रस्ते झाडावयाचे, मग भाकरी मागावयाची. काम केल्यावाचून घास घ्यावयाचा नाही, असा त्यांचा नेम होता.

येथे एक अडचणीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. मी शाळेत बाबांचा पाठ शिकवीत असता एका मुलाने उभे राहून विचारले की, गुरुजी, ते दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना जेवू घालीत, मग त्यांच्या स्वतःच्या म्हाताऱ्या आईला कोणी सांभाळले? वर्ग हसला. मला मात्र तत्काळ उत्तर सुचले नाही. विधवा आई, तरुण पत्नी व लेकरे मागे ठेवून हा पुरुष निघून गेला, हे खरेच आहे. पुढे लोकांच्या पैशाने मोठमोठ्या धर्मशाळा उभ्या राहिल्या, तरी घरच्या माणसांना त्यांत आसरा मिळाला नाही; त्यांनी बाहेर झोपडीत राहून कष्टाचे अन्न खाल्ले. सर्व संस्थांवर माझ्या नातलगांचा काडीइतकाही हक्क नाही, अशी कायदेशीर तजवीजही बाबांनी केली. 1923 साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता एकुलत्या एका मुलाच्या, गोविंदाच्या, मृत्यूची वार्ता आली, तेव्हाही कीर्तन थांबले नाही. सखुबाई आणि कुंताबाई ह्यांनी ह्या सर्वाची जी किंमत मोजली ती कोणत्याही देणगीच्या पावतीवर नोंदलेली नाही. बाबांचे चरित्र सांगताना ह्या दोघींना नमस्कार केल्यावाचून पुढे जाणे मला बरे वाटत नाही.

आता ऋणमोचनाकडे वळू. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी मुद्गलेश्वराचे हे क्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे जत्रा भरते. वऱ्हाडातील पौष म्हणजे हाडे गोठविणारी थंडी. पहाटे नदीवर धुके असते आणि स्नानास उतरणाऱ्याचे दात वाजतात. त्या काळी नदीवर घाट नव्हता. चिखलाच्या निसरड्या उतारावरून म्हातारी माणसे व लेकुरवाळ्या बाया घसरून पडत. येणारा प्रत्येक जण हे पाही, हळहळे आणि आपले पुण्य पदरी बांधून घरी जाई. बाबांनी फावडे उचलून एकट्याने उतार नीट करावयास आरंभ केला. एकास पाहून दुसरा आला, दुसऱ्यास पाहून दहा आले. आणि पुढे तेथे लोकांच्या देणगीतून पक्का घाट झाला. बाबांच्या बांधकामांचा श्रीगणेशा तो हाच.

परंतु घाटाहूनही मोठी गोष्ट त्यांनी तेथे केली ती अन्नदानाची. जत्रेला पोटासाठी आंधळे, पांगळे, महारोगी आणि ज्यांना घरात कोणी विचारीत नाही असे म्हातारेकोतारे गोळा होत. देवळाच्या वाटेवर फडके पसरून बसावयाचे आणि कोणी चिमूटभर टाकील ते वेचावयाचे, हीच त्यांची जत्रा. बाबांनी त्यांना वाटेवरून उठवून पंगतीत बसविले. उरलेसुरले नव्हे, तर सणाचे गोड जेवण त्यांना पोटभर मिळू लागले. थंडी लक्षात घेऊन वस्त्रेही मिळू लागली. भिकारी म्हणून आलेला मनुष्य तेवढ्या वेळापुरता पाहुणा होई. दान आणि पंगत ह्यांतील हे अंतर आपण सर्वांनी नीट समजून घ्यावे. दानात घेणाऱ्याचा हात खाली असतो. पंगतीत वाढणाऱ्यालाच वाकावे लागते.

ह्या पंगतीतील अन्नाचा घास बाबा स्वतः घेत नसत. इकडे शेकडो पाने वाढली जात आणि यजमान मात्र गावात जाऊन शिळी भाकरी व कोरड्यास मागून आणी. लोकांच्या पैशाचे अन्न लोकांसाठी, असा त्यांचा हिशेब होता. पायांस हात लावू देत नसत. कोणी पाया पडू लागला तर काठी उगारीत. कीर्तन संपले की रात्रीतून दिसेनासे होत, त्यामुळे सत्कारास माणूसच सापडत नसे.

मागे एका गावी मी अशाच एका वाटपास गेलो होतो. संस्थेचे नाव घेत नाही. सत्तरी ओलांडलेल्या बायाबापड्या सकाळी नऊपासून मांडवात बसल्या होत्या. पाहुणे एक वाजता आले. भाषणे झाली, प्रत्येक चादरीमागे एक छायाचित्र झाले, आणि एका आजीला तीच चादर पुन्हा हाती धरावयास लावली, कारण प्रथम तिचे तोंड नीट आले नव्हते. तिला प्यावयास पाणी हवे होते, ते कोणी विचारले नाही. मीही त्या व्यासपीठावर बसलो होतो, हे येथे लपवीत नाही.

पुढील आयुष्यात बाबांचे कार्य वऱ्हाडाबाहेर पसरले. मूर्तिजापूरला धर्मशाळा व गोरक्षण, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा, पंढरपुरात मराठा धर्मशाळा आणि अस्पृश्य वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा झाली. ही शेवटची इमारत 1949 साली त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातलगांसाठी निवारा झाला. 8 फेब्रुवारी 1952 रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. इतके सर्व झाले, तरी ह्या विश्वस्ताच्या मालकीचे गाडगे एकच राहिले.

आपण त्यांना आपले म्हणतो, त्यांची तसबीर सभागृहात लावतो. बाबा मात्र जात सांगण्यास कधी उत्सुक नव्हते, आणि त्यांच्या पंगतीत पान मांडताना कोणाची जात विचारली जात नसे. आपली यादी करताना केवळ आपल्याच समाजातील वृद्धांची नावे लिहावीत की काय, हा प्रश्न गेल्या बैठकीत निघाला होता व पुढे ढकलला गेला. तो ह्या दिवाळीपूर्वी पुन्हा घ्यावा, अशी माझी अध्यक्षांस विनंती आहे.

1956 सालच्या डिसेंबरात बाबांची प्रकृती ढासळली. 6 डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले, त्यानंतर चौदा दिवसांनी, 20 डिसेंबर रोजी, बाबांना अमरावतीस नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी मोटारीतच त्यांनी देह ठेवला. ना घर, ना मठ. फिरस्त्याला मरण आले ते वाटेवर. अमरावतीस ज्या जागी त्यांची समाधी आहे तो भाग गाडगेनगर म्हणून ओळखला जातो, आणि आपल्या विद्यापीठासही त्यांचेच नाव देण्यात आले आहे. वलगावला त्यांच्या नावाने वृद्धाश्रम चालतो. दिवाळीत तेथे फराळाचे डबे घेऊन पुष्कळ जण जातात. पौषात मात्र, थंडी ऐन भरात असते तेव्हा, ऋणमोचनच्या पंगतीत वाढावयास हात लागतात. अमरावतीहून निघून पहाटे तेथे पोहोचावयाचे, वाढून झाल्यावर पत्रावळी उचलावयाच्या आणि घरून बांधून आणलेली भाकरी खाऊन परत यावयाचे, असा माझा बेत आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी मला आधी कळवावे.