ना. वा. टिळक : एका ख्रिस्ती कवीची वाटचाल

'केवढे हे क्रौर्य!' ही कविता आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत पाठ केली असेल. घायाळ पक्षीण आपल्या पिलांसाठी कसाबसा घास घेऊन घरट्याकडे येते आणि प्राण सोडते, एवढाच तिचा विषय. या कवितेखाली रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव असते. टिळक म्हटले की लोकमान्य एवढेच आपल्याला ठाऊक असते, आणि रेव्हरंड म्हटले की एखादा परका धर्मोपदेशक डोळ्यांसमोर येतो. ही दोन नावे एका माणसाच्या ठिकाणी कशी एकत्र आली आणि ती पेलताना त्या माणसाला काय सोसावे लागले, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. वडील करारी आणि तापट, तर आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली. ही आई मुलाच्या लहानपणीच गेली. आईवेगळे झालेले नारायण नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण मात्र थोडकेच झाले. पुढे नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी त्यांना दिली. तिचे वय त्या वेळी अकराच्या आसपास होते. याच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक होत. माहेरी अक्षरओळख न झालेल्या या मुलीला टिळकांनीच लिहावाचावयास शिकविले. या गोष्टीकडे पुढे आपल्याला पुन्हा वळावयाचे आहे.

टिळकांचा पाय एका जागी ठरत नसे. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी कीर्तनकार, अशा त्यांच्या भूमिका बदलत राहिल्या. मनात आले की घर सोडून निघावे, जवळ असेल ते दुसऱ्याला देऊन टाकावे, आणि घरी बायकोने तेलामिठाची चिंता करीत बसावे, असा हा संसार होता. थोर माणसाच्या चरित्रात अशा गोष्टींवर पांघरूण घालण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. लक्ष्मीबाईंनी तो पाळला नाही, आणि त्यामुळेच त्यांचे टिळक आपल्याला खरे वाटतात.

या भटकंतीत टिळक नागपूरला आले. तेथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम ते पाहू लागले. नागपूरच्या बुटी घराण्याचे नाव गजानन महाराजांच्या पोथीमुळे आपल्या जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे. नाशिकहून नागपूरला जाणारी आगगाडी तेव्हाही मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव याच मार्गाने जात असे. तेव्हा हा अस्वस्थ तरुण आपल्या जिल्ह्यातून गेला असणार, असे समजावयास हरकत नाही.

हिंदू समाजातील जातिभेद पाहून टिळकांचे मन उद्विग्न होत असे. देशातील सर्व माणसांना एकत्र बांधील असा धर्म कोणता, याचा ते विचार करीत होते. आपण स्वतःच एखादा नवा पंथ काढावा, असेही त्यांच्या मनात घोळत असे. अशा मनःस्थितीत नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी जाताना गाडीच्या डब्यात त्यांना अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. दोघांच्या गप्पा संस्कृत काव्यापासून सुरू झाल्या. उतरताना वॉर्डसाहेबांनी टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि ते दोन वर्षांत ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. परंतु दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी पुस्तक वाचावयास घेतले, आणि ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते खाली ठेववेना.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

हे वाक्य लिहावयास सोपे आहे. त्या काळात त्याचा अर्थ मात्र भयंकर होता. ज्या घरात त्यांचे लग्न झाले तेथे सोवळ्याओवळ्याचा अतिरेक होता. नातेवाईकांच्या दृष्टीने टिळक मेले, आणि लक्ष्मीबाई जिवंतपणी विधवा झाल्या. पदरी लहानगा दत्तू. काही काळ तर त्यांना भ्रम झाल्यासारखी अवस्था होती. कधी नाशिक, कधी पंढरपूर असे दुसऱ्यांच्या आश्रयाने दिवस काढत त्या राहिल्या. नवरा जिवंत आहे, त्याची पत्रे येत आहेत, आणि त्याच्याकडे जावे तर धर्म बुडतो! ज्या माणसाने जातिभेदाच्या दुःखाने धर्म बदलला, त्याने हे दुःख आपल्या पत्नीवर लादले, असा आरोप कोणी केला तर त्याला उत्तर देणे कठीण आहे. टिळकांपाशीही ते उत्तर होते असे वाटत नाही. त्यांनी वाट पाहिली एवढेच. सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) त्यांच्याजवळ राहावयास आल्या, त्याही प्रथम आपले सोवळे सांभाळून. मग एके दिवशी त्यांच्याच मनाला पटले की ही उच्चनीचता माणसाने केलेली आहे, देवाने नव्हे. त्यानंतर त्या कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागल्या. १९०० साली त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला.

आता कवी टिळकांकडे वळू.

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे ठाणे. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्या सहवासात टिळक तेथे राहिले, धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले, पुढे पाळकही झाले. १८४२ मध्ये सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' पत्राचा मराठी विभाग १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांच्याकडे होता. पण त्यांना खरी खंत होती ती वेगळीच. रविवारी देवळात जे गायिले जाई ते ऐकून त्यांच्यातील कवीला क्लेश होत. इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे, तीही इंग्रजी चालींवर! इंग्रजी चाल शब्दावरील आघातावर उभी असते, तर आपले वृत्त ऱ्हस्वदीर्घाच्या मात्रांवर किंवा अक्षरसंख्येवर. मराठी शब्द त्या चालीत कोंबला की दीर्घ अक्षर आखूड होते, ऱ्हस्व ओढावे लागते आणि अर्थाचा विचका होतो. असले गाणे खेड्यातल्या माणसाच्या ओठावर कसे बसावे?

त्या मंडळींत बहुसंख्य माणसे नगर जिल्ह्यातील महार आणि मांग समाजांतून आलेली होती. भजन त्यांच्या रक्तात होते. एकतारी, टाळ, मृदंग ही त्यांची वाद्ये. ख्रिस्ती झाल्याबरोबर ही वाद्ये परकी ठरावीत आणि परक्यांचा पेटारा आपला ठरावा, हे टिळकांना मान्य नव्हते. या वाटेवर ते पहिलेच होते असे नव्हे. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध केले होते, आणि खुद्द नगरात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली होती. पण स्टीफन्स इंग्लंडातून येऊन मराठी शिकलेले होते. टिळक ज्ञानेश्वर-तुकारामांच्या भाषेतच वाढले होते. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत असत. हा पूल ओलांडल्यावर मोडून टाकावा असे त्यांना कधी वाटले नाही, आणि माझ्या मते त्यांच्या कवित्वाचे सारे मर्म येथेच आहे. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा जुना अभंग त्यांनी घेतला आणि त्यात ख्रिस्ताला माउली म्हणून आळविले. विठ्ठलाला आई म्हणणाऱ्या भाषेला हे मुळीच जड गेले नाही. ओवी, पद, आरतीच्या चाली, सारे त्यांनी निःसंकोचपणे वापरले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीता'त त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत. आपल्याकडे खामगाव, बुलढाणा, अकोला या भागात काम केले ते अलायन्स मिशनने, टिळकांच्या मिशनने नव्हे. पण त्यांची गीते मिशनांच्या हद्दी ओलांडून साऱ्या मराठी मुलखात गेली.

येथे एक प्रश्न उरतोच, आणि तो साहित्याच्या विद्यार्थ्यांनी टाळू नये. श्रद्धेसाठी लिहिलेली कविता ही कविता राहते का? टिळकांची काही गीते निव्वळ प्रवचने आहेत, हे कबूल केले पाहिजे. शिकवण आधी ठरलेली आणि शब्द मागून आलेले, असे झाले की तेही इतरांसारखेच कोरडे होतात. उलट 'वनवासी फूल' किंवा फुलामुलांवरच्या त्यांच्या कविता पाहाव्यात. त्यांत धर्माचे नाव क्वचितच येते. तथापि एका क्षुद्र फुलाकडे इतक्या आदराने पाहणारी दृष्टी त्यांच्या श्रद्धेतूनच आली आहे, हे जाणवल्याशिवाय राहत नाही. म्हणूनच ज्या घरांनी धर्मांतरित टिळकांना उंबऱ्याच्या आत घेतले नसते, त्या घरांतील मुलांनी त्यांच्या कविता पाठ केल्या. केशवसुतांच्या पिढीतील आधुनिक कवींत त्यांची गणना होते, ती ख्रिस्ती कवी म्हणून सवलत देऊन नव्हे.

नव्या कवींना त्यांचे घर नेहमी उघडे असे. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला 'बालकवी' ही पदवी मिळाली. त्याच मुलाला टिळकांनी पुढे नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे वागविले. त्याचा धर्म जेथल्या तेथे राहिला, आणि त्याची कविता त्या घरात बहरली. मिशनच्या पगारावर जगणाऱ्या माणसाच्या घरातील ही गोष्ट आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे मोल कळते.

तो पगारच अखेरीस टिळकांना सलू लागला. परदेशी पैशावर चालणारी मंडळी या देशाची कशी होणार, ही टोचणी त्यांना वर्षानुवर्षे होती. सप्टेंबर १९१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यास घेतला. भगवी वस्त्रे परिधान करून ते साताऱ्यास राहिले आणि 'देवाचा दरबार' या नावाने एक मेळा जमवू लागले. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कोणालाही त्यात जागा होती. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला असा भेद दारात नव्हता. मिशनमधील काहींना हे पाखंड वाटले, तर बाहेरच्या काहींना नवी युक्ती. टिळकांना दोन्हीकडून ऐकून घ्यावे लागले. दरबाराला मूळ धरावयास वेळही मिळाला नाही. प्रकृती ढासळली, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दफन न करता दहन करण्यात आले आणि अस्थी अहमदनगरला नेऊन ठेवण्यात आल्या. ख्रिस्ती पाळकाने चिता मागावी ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती.

त्यांच्यामागे एक काम अर्धवट राहिले. ख्रिस्ताचे समग्र चरित्र ओवीत गावे, रामायणासारखे ते घराघरांत वाचले जावे, या हेतूने त्यांनी 'ख्रिस्तायन' हाती घेतले होते. आपल्याकडे शेगावच्या एकवीस अध्यायांच्या पोथीचे पारायण करताना ओवी कशी आपोआप पुढे सरकते, ते आपण ऐकतो. तीच गती टिळकांना हवी होती. पण दहा-अकरा अध्याय होतात न होतात तोच ते गेले. हे काम लक्ष्मीबाईंनी उचलले. ज्या बाईला त्यांनी मुळाक्षरे गिरवावयास लावली होती, जिने त्यांच्या धर्मांतरापायी पाच वर्षे एकटेपण भोगले होते, तिने पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले. पंडिती शब्दांचा सोस त्यात नाही. नाशिककडच्या घरगुती बोलीचा गोडवा आहे. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे'चे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. 'ख्रिस्तायन' छापलेले मात्र त्यांना पाहावयास मिळाले नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. शेवटची जुळवाजुळव त्यांचे चिरंजीव देवदत्त, म्हणजे पंढरपूर-नाशिकच्या त्या दिवसांतला लहानगा दत्तू, यांनी केली आणि १९३८ मध्ये ग्रंथ बाहेर पडला.