व्हेरियर एल्विन: आदिवासींच्या फणीत कला पाहणारा माणूस

गडचिरोलीतल्या भामरागडहून इंद्रावती ओलांडली की बस्तर लागतं. राज्य बदलतं, पण जंगल तेच आणि दोन्हीकडे वस्तीही माडियांची. ८० वर्षांपूर्वी या पट्ट्यातल्या लोकांकडे कला असते, हे फार थोड्या शिकलेल्यांना मान्य होतं. ते पुराव्यानिशी मांडणाऱ्यांपैकी एक होते व्हेरियर एल्विन.

एल्विन यांचा जन्म १९०२ मध्ये इंग्लंडमधल्या डोव्हरचा. ऑक्सफर्डमध्ये शिकून ते १९२७ मध्ये ख्रिस्ती सेवाकार्यासाठी पुण्यात आले. पुढे गांधीजींच्या विचारांकडे ओढले गेले आणि १९३२ मध्ये सहकारी शामराव हिवाळे यांच्यासोबत मंडला जिल्ह्यातल्या गोंड वस्तीत राहायला गेले. धर्मप्रसार करायला ते तयार नव्हते. अखेर त्यांनी चर्च सोडलं.

१९४० च्या दशकात त्यांनी बस्तरमधल्या माडिया आणि मुरिया गोंडांचा अभ्यास केला. इथली कला देवळांत किंवा राजवाड्यांत नव्हती, ती रोजच्या वापरात होती. मुरिया तरुण आवडत्या मुलीसाठी फणी कोरायचा आणि ती मुलगी ती केसांत मिरवायची. तंबाखूच्या डब्या, मुखवटे, खेळणी, भिंतींवरची चित्रं, सगळ्यांवर तेवढीच मेहनत दिसायची. १९५१ मध्ये एल्विन यांचं मध्य भारतातल्या आदिवासी कलेवरचं पुस्तक आलं. त्यात या साध्या वस्तूंची रेखाचित्रं आणि छायाचित्रं आहेत.

त्यांच्यावर टीकाही झाली. १९३९ मध्ये त्यांनी बैगांसाठी संरक्षित प्रदेश सुचवला होता. आदिवासींना असं वेगळं ठेवू नये, असं मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांचं म्हणणं होतं. एल्विन यांनी पुढे ही भूमिका सौम्य केली. बदल हवा, पण तो लोकांना स्वतःच्या गोष्टींची लाज वाटायला लावणारा नको, यावर मात्र ते ठाम राहिले. जंगल तोडलं, बंदी घातली आणि वर मागासही म्हटलं, तर फणी कोरणारा हात थांबतो, ही त्यांची खरी काळजी होती.

१९५४ मध्ये ते भारताचे नागरिक झाले आणि ईशान्य सीमाप्रदेशाच्या प्रशासनाचे सल्लागार बनले. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. आत्मचरित्राला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो मृत्यूनंतर.