वसतिगृहातले साने गुरुजी

घर सोडून वसतिगृहात आलेले एखादे मूल पहिल्या काही आठवड्यांत बोलेनासे होते. जेवण टाकते, रात्री अंथरूण ओले करते, शाळेच्या वेळी नेमके पोट दुखते म्हणते. डॉक्टरांनी तपासून शरीरात काही दोष सापडला नाही, तर मनाकडे पाहावे लागते. घराची आठवण आणि इथे आपले कोणी नाही ही भीती मूल शब्दांत सांगू शकत नाही. ते वागण्यातून सांगते. आज हे ओळखण्यासाठी समुपदेशक असतात. शंभर वर्षांपूर्वी खानदेशातल्या अमळनेरच्या वसतिगृहात ते एका शिक्षकाने ओळखले होते. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातल्या पालगडचा. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरलेले. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण झाली. परक्या गावात अर्धपोटी राहणे, दुसऱ्याच्या दारी संकोचाने जेवणे, फीची विवंचना हे सारे त्यांनी कोवळ्या वयात सोसले. १९१७ मध्ये ते शिक्षणासाठी दूर असताना पालगडला आई गेली. शेवटची भेट झाली नाही. ही सल त्यांच्या मनातून कधीच गेली नाही.

१९२४ मध्ये ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. स्वभाव लाजाळू, आवाज मृदू. शिस्त म्हणजे छडी, असा तो काळ. गुरुजींनी वेगळी वाट धरली. मुलांच्या खोलीत पसारा दिसला की ते रागावत नसत. मुले शाळेत गेल्यावर स्वतः केर काढत, अंथरुणे नीट लावत, मळके कपडे धुऊन वाळत घालत. परत आल्यावर मुले ओशाळत आणि हळूहळू आपली कामे आपण करू लागत. कोणी तापाने फणफणला तर गुरुजी रात्रभर उशाशी बसत. ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक ते मुलांसाठी लिहीत. मुलांशी रोज असे काही बोलणारे मोठे माणूस वसतिगृहात होते, हीच त्या मुलांची मोठी मिळकत होती.

त्या काळात मुलांच्या मनावर उपचार करण्याचे शास्त्र बाल्यावस्थेत होते. अमेरिकेत शिकागो इथे विल्यम हीली यांनी १९०९ मध्ये अशा मुलांसाठी पहिले केंद्र काढले. आपल्याकडे मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्थेने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. त्याआधीच गुरुजी अमळनेरात काम करून बाहेर पडले होते. त्यांना मानसोपचारतज्ज्ञ म्हणणे बरोबर होणार नाही. पण ज्या पायावर हे उपचार उभे आहेत, तो त्यांच्या वागण्यात दिसतो. मुलाचे वागणे म्हणजे खोडी नसून निरोप असू शकतो, हे धरून चालणे. शिक्षेआधी कारण शोधणे. आणि मुलाला एक तरी खात्रीचे, न बदलणारे मोठे माणूस मिळवून देणे. संकटातून गेलेली काही मुले सावरतात कशी, याचा अभ्यास करणाऱ्यांनाही असे एक माणूस फार महत्त्वाचे आढळले आहे.

१९३० मध्ये नोकरी सोडून गुरुजी स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने त्यांनी उतरवून घेतली. हे विनोबा आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढले. त्यात श्याम रोज रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो आणि मित्र ऐकतात. सोळा वर्षे साठलेल्या दुःखाला श्रोते मिळाले. दुःख शब्दांत मांडल्याने मन हलके होते, हा अनुभव जुनाच. १९८०च्या दशकात जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तो प्रयोगातून तपासला. सलग चार दिवस आपल्या आयुष्यातल्या क्लेशकारक घटनांविषयी लिहिलेल्या विद्यार्थ्यांना पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली. मात्र लिहिणे हा आधार आहे, सर्व दुखण्यांवरचा इलाज नव्हे.

गुरुजींच्या आयुष्याचा शेवट हेच सांगतो. १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. गांधीजींच्या हत्येनंतर एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. आणि ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. देशाच्या स्थितीने ते व्यथित होते, असे कारण सांगितले जाते. पण अशा मृत्यूला एकच कारण नसते आणि त्यात त्यागाची शोभा शोधणेही योग्य नाही. खोल निराशा हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. नैराश्यावरची औषधे वापरात आली ती त्या दशकाच्या उत्तरार्धात, गुरुजी गेल्यानंतर. इतरांचे अश्रू पुसणाऱ्यालाही कोणीतरी लागते, हे तेव्हा फारसे कोणाच्या ध्यानी येत नसे.

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावाहून कोलाडमार्गे महामार्गाने माणगाव तालुक्यात गेले की वडघरला साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक लागते. ते पाहावेच. पण त्यांचे काम आपल्याही अवतीभवती आहे. पेणच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळांत लहान-लहान कातकरी आणि ठाकर मुले घरापासून दूर राहतात. शिकण्यासाठी परगावी राहणारी मुले इतर घरांतही आहेत. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, मित्र टाळत असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि उपदेश न करता ऐका. मरणाची भाषा केली तर ती कधीही थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून बोलता येते. हा क्रमांक मुलांइतकाच त्यांना सांभाळणाऱ्या शिक्षकांसाठी, अधीक्षकांसाठी आणि आईवडिलांसाठीही आहे.