रेव्हरंड नारायण वामन टिळक : समेटाची वाट

॥ राम कृष्ण हरि ॥

सज्जनहो, वारकऱ्यांच्या मासिकांत एका ख्रिस्ती माणसाचें चरित्र कशाला, असें कोणी विचारील. विचारणें रास्तच आहे. आमचें सारें आयुष्य माळ, बुक्का आणि वीणा यांत गेलें. लहानपणीं पाठशाळेंत अमरकोश आणि लघुकौमुदी घोकली, पुढें कीर्तन हाच आमचा संसार झाला. ख्रिस्ती धर्म आम्हीं घेतलेला नाहीं, घेण्याचा विचारही नाहीं. परंतु तुकोबारायांचें बोट धरून निघालेला एक माणूस दुसऱ्याच उंबरठ्यावर जाऊन पोंचला, त्याची हकीकत तुकोबांच्या लेकरांना ठाऊक नसावी, हें कांहीं बरें नव्हे. शिवाय ती हकीकत आमच्या भंडारा जिल्ह्यांतून गेलेली आहे. ती कशी, तें ओघांत सांगूं.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांत करजगांव येथें झाला. कोंकणस्थ ब्राह्मणाचें घर. वडील वामनराव सरकारी नोकरींत, स्वभावानें कडक. आई जानकीबाई भाविक, मऊ मनाची, कवितेचा नाद असलेली. आई अकालीं गेली आणि मुलाचें घरावरून चित्त उडालें. तो घर सोडून पायीं चालत नाशकास आला. तेथें गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं त्यानें संस्कृताचा अभ्यास केला, थोडें इंग्रजीही शिकला. १८८० सालीं नाशकाजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी मनकर्णिका हिच्याशीं त्याचें लग्न झालें. सासरीं तिचें नांव लक्ष्मी ठेवलें. पुढें सगळा महाराष्ट्र जिला लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखतो, ती हीच.

लग्न झालें तरी नारायणरावांचा पाय घरांत ठरेना. आज या गांवीं शिक्षक, उद्यां त्या गांवीं पुराणिक, परवां कोठें व्याख्यान, कोठें कीर्तन. म्हणजे बघा, आमच्याच धंद्यांतला माणूस! खिशांत चार पैसे आले कीं भेटेल त्या गरजवंताला देऊन मोकळा. घरांत मीठ-पीठ आहे कीं नाहीं, याची शुद्ध नाहीं. बायकोला न सांगतां उठून जावें, महिनोन् महिने पत्ता नसावा. लक्ष्मीबाईंनीं हें सगळें सोसलें, आणि पुढें ‘स्मृतिचित्रें’ या पुस्तकांत तें हसत हसत लिहूनही ठेवलें. तें पुस्तक १९३४ पासून भागाभागांनीं निघालें. ज्यांनीं वाचलें नसेल त्यांनीं अवश्य वाचावें. मराठींत तसें दुसरें पुस्तक आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

या भटकंतीच्या मुळाशीं एक आंच होती. देव भेटावा, आणि देश उठावा. माणसामाणसांत उभी असलेली जातीची भिंत पडल्यावांचून देश उठणार नाहीं, आणि ती भिंत पाडील असा धर्म हवा, असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. शास्त्रें पाहिलीं, संतांचीं गाथा पाहिली, पण मनाचा तळ लागेना.

या दिवसांत ते नागपुरास होते. तेथील श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें वैदिक ग्रंथांचें काम चाललें होतें आणि ‘ऋषि’ नांवाचें मासिक टिळक चालवीत. तें काम संपल्यावर राजनांदगांव संस्थानांत नोकरी मिळाली. तें संस्थान वैष्णव बैराग्यांच्या गादीचें. १८९३ च्या सुमारास टिळक नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें निघाले. ही गाडी आपल्या भंडाऱ्याच्या रस्त्यानें, तुमसरवरून, वैनगंगा ओलांडून गोंदियाकडे जाते. गोंदियाही त्या वेळीं आपल्याच जिल्ह्यांत होतें. वेगळा जिल्हा झाला तो १९९९ सालीं. त्या डब्यांत एक गोरा गृहस्थ बसला होता. साहेबाचा तोरा त्याच्यापाशीं नव्हता. आदरानें बोलला, संस्कृत काव्याच्या गोष्टी निघाल्या, आणि उतरतांना त्यानें टिळकांच्या हातीं नव्या कराराची एक प्रत दिली. दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असें भाकीतही केलें. टिळकांना हंसूं आलें असेल. पण शब्द दिला होता म्हणून पुस्तक वाचावयास घेतलें. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरच्या प्रवचनापाशीं ते आले आणि पुस्तक खालीं ठेववेना.

आतां येथें थोडें थांबून, ख्रिस्ती लोक ज्याला देवाशीं समेट म्हणतात तो काय, हें समजून घेऊं. नाहींतर पुढचें चरित्र कळावयाचें नाहीं.

आमच्या धर्मशास्त्रांत पापाला प्रायश्चित्त सांगितलें आहे, आणि तें पाप करणाऱ्यानें करावयाचें. कृच्छ्र आहे, चांद्रायण आहे, तीर्थ आहे, दान आहे. ज्यानें बिघडवलें त्यानें दुरुस्त करावें, हा सरळ न्याय. ख्रिस्ती शिकवण येथेंच वेगळी पडते. तिच्या मतें माणूस पापामुळें देवापासून तुटला, पाठ फिरवून बसला, आणि परत येण्याचें बळ त्याच्यापाशीं उरलें नाहीं. तेव्हां ज्याचा अपराध झाला त्या देवानेंच पहिलें पाऊल टाकलें. ख्रिस्ताच्या रूपानें तो माणसांत आला, माणसाच्या पापाचा भार त्यानें आपल्यावर घेतला, क्रुसावर प्राण दिला, आणि अपराध हिशेबांत न धरतां तुटलेलें नातें जोडलें. माणसानें करावयाचें एवढेंच कीं, पुढें आलेला तो हात धरावयाचा.

पौल नांवाच्या प्रेषितानें करिंथ शहरच्या मंडळीला जीं पत्रें लिहिलीं, त्यांत हा विचार आहे. मूळ ग्रीक भाषेंत त्याचा शब्द ‘काटालागे’ असा आहे. त्याच्या मुळाशीं अदलाबदलीचा अर्थ आहे. वैराच्या जागीं मैत्र येणें, असें म्हणूं. मराठी बायबलांत त्याला ‘समेट’ हा शब्द घातला, आणि तो आमच्या चावडीवरचा, भाऊबंदकींतला शब्द आहे. आणखी एक मौज सांगतों. पौलानें हेंच क्रियापद नवऱ्यापासून दूर राहिलेल्या बायकोनें नवऱ्याशीं पुन्हां जुळतें घ्यावें, हें सांगतांनाही वापरलें आहे. म्हणजे देवाशीं समेट आणि घरांतला समेट, दोहोंना शब्द एकच. टिळकांच्या आयुष्यांत या दोन्ही गोष्टी कशा आल्या तें आतां पाहूं.

सुमारें दोन वर्षें मनांत युद्ध चाललें. हातांतलें पुस्तक एकीकडे, आणि घर, जात, मित्र, पोटची नाळ दुसरीकडे. मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन अॅबट यांच्याशीं त्यांचा परिचय झाला. (याच अॅबटसाहेबांनीं पुढें महिपतीबुवांचीं संतचरित्रें इंग्रजींत नेलीं, हें वारकऱ्यांनीं विसरूं नये.) अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या पाद्र्याच्या हातून न घेतां आपल्याच देशांतल्या रेव्हरंड तुकाराम नथूजी यांच्या हातून घेतला. तुकाराम हें नांव तेथेंही आडवें आलें! टिळक स्वतः सांगत कीं, आपण ख्रिस्ताच्या पायांपाशीं आलों ते तुकोबांच्या पुलावरून आलों. पूल ओलांडला म्हणून त्यांनीं तो मोडला नाहीं. अखेरपर्यंत तुकोबांचें नांव त्यांच्या तोंडीं आदरानेंच राहिलें.

पण सज्जनहो, येथें आम्हांस टिळकांचा दोषही सांगितला पाहिजे. देवाशीं समेट झाला, आणि घर मात्र उभें फाटलें. लक्ष्मीबाईंना विश्वासांत न घेतां हें सगळें झालें. बातमी आली तेव्हां त्या माउलीवर आकाश कोसळलें. सौभाग्य आहे आणि नाहीं, अशी अवस्था. पदरांत लहान दत्तू. नातलगांनीं त्यांना पंढरपुरास नेलें. आपल्या पांडुरंगाच्या गांवीं ती बाई नवऱ्यासाठीं झुरत राहिली. आणि झुरतां झुरतां तिच्या तोंडून कविता येऊं लागल्या. भिंत पाडावयास निघालेल्या माणसानें आपल्याच घरांत भिंत घातली होती. ती पाडल्यावांचून त्याच्या उपदेशाला अर्थ नव्हता.

टिळकांना हें कळलें, हें त्यांचें मोठेपण. पत्रें धाडलीं, भेटीस आले, अपमान गिळले. सुमारें पांच वर्षांनीं लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठीं नव्हे. सोवळें, निराळी चूल, निराळें पाणी, सगळें घेऊन आल्या. टिळकांनीं त्यांना त्यांचें सोवळें सुखानें पाळूं दिलें. माझा देव तुझाही झालाच पाहिजे, असा हट्ट धरला नाहीं. मग एके दिवशीं, शिवाशीव देवानें केली कीं माणसानें, असा प्रश्न बाईंच्याच मनांत उभा राहिला, आणि जातीचा पीळ आपोआप सुटला. १९०० सालीं त्यांनीं आणि दत्तूनें बाप्तिस्मा घेतला. दोघांचा समेट झाला तो जबरीनें नव्हे, वाट पाहिल्यानें.

पुढचें आयुष्य बहुतेक नगरास गेलें. १९०४ सालीं टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. दुष्काळांतलीं पोरकीं मुलें या नवराबायकोंनीं घरांत घेतलीं. बालकवि ठोमरे त्यांच्या घरीं मुलासारखे राहिले. मुलें आणि फुलें यांच्यावर कविता लिहिणारे म्हणून मराठींत टिळकांचें नांव झालें. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राचा मराठी भाग त्यांनीं सांभाळला. आणि ख्रिस्ती मंदिरांत परक्या चालीवरचीं ओढूनताणून केलेलीं गाणीं म्हणत, तेथें त्यांनीं अभंग, ओवी आणि टाळ आणला. त्यांचीं शेंकडों भजनें मराठी ख्रिस्ती लोक आजही म्हणतात. ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य त्यांनीं आरंभिलें. तें अपुरें राहिलें. पुढें ज्या बाईला लग्नाच्या वेळीं अक्षरओळख नव्हती, तिनें ६४ अध्याय लिहून तें पुरें केलें आणि १९३८ सालीं, तिच्या मागें, तें छापून निघालें. समेट झाला म्हणजे काय होतें, याला याहून मोठा दाखला कोणता देऊं?

१९१७ सालीं टिळकांनीं मिशनची चाकरी सोडली. साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ नांवाचा मेळा काढण्याचें योजिलें. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यांत जागा. कोणालाही आपल्या माणसांतून तोडून न काढतां देवापाशीं आणतां यावें, हा हेतु. आम्हांस वाटतें, वीस-बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या घरावर ओढवलेलें दुःख दुसऱ्या कोणावर येऊं नये, ही तळमळ त्यामागें असावी. पण आयुष्य पुरलें नाहीं. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांनीं देह ठेवला. त्यांच्या इच्छेप्रमाणें देहाचें दहन झालें आणि अस्थि नगरला नेल्या.

आतां शेवटीं आमच्या घरची एक गोष्ट. वडील वारल्यावर आमच्या आणि थोरल्या भाऊंच्या धानाच्या बांध्या वेगळ्या झाल्या. मधला धुरा दर साल नांगरटींत कोरला जात होता, आणि खरें सांगतों, तो आमच्या बाजूनें कोरला जात होता. भाऊंनीं एकदां विचारलें. आम्ही शास्त्री, उलट चार शब्द सुनावले. अकरा वर्षें अबोला. आम्ही गांवोगांव क्षमेवर निरूपण करीत होतों! डोंगरावरच्या त्या प्रवचनांत एक आज्ञा आहे. वेदीपाशीं अर्पण आणलें आणि आठवलें कीं भावाच्या मनांत आपल्याविषयीं कांहीं आहे, तर अर्पण तेथेंच ठेवावें, आधीं भावाशीं समेट करावा, मग देवाकडे यावें. आम्हीं तें वाचलें, पाणी डोळ्यांत आलें, तरी पाय उचलला नाहीं. अहंकार मोठा वाईट, बाबा. शेवटीं एका दिवाळीला भाऊच आले. हातांत नव्या धानाच्या पोह्यांची पुरचुंडी. धुऱ्याचें नांव काढलें नाहीं. ज्याचा अपराध झाला तोच दारीं आला होता. आम्हीं त्यांचे पाय धरले, आणि पुढच्या हंगामांत धुरा आपल्या जागीं घातला.

त्या दिवशीं ख्रिस्ती शिकवणींतलें मर्म आम्हांस कळलें. एकाच काळीं, एकाच क्रुसावर हें सर्वांसाठीं झालें, आणि दुसरा मध्यस्थ नाहीं, असें ते म्हणतात. तेथें आमची वाट निराळी आहे, आणि निराळी नाहीं असें म्हणणें खोटेपणा होईल. पण देव माणसाच्या आधीं निघतो, हें आम्हांस नवीन नाहीं. आमचा देव तर पुंडलिकासाठीं वैकुंठ सोडून आला, आणि त्यानें फेकलेल्या विटेवर अजून उभा आहे. टिळकांना आम्ही परके म्हणत आलों. त्यांनीं पूल मोडला नाहीं. आम्हीं तरी कां मोडावा?

तेव्हां मायबाप वारकऱ्यांनो, येत्या वारीला निघण्यापूर्वी ज्याच्याशीं बोलणें टाकलें असेल त्याच्या दारीं एकदां जाऊन या. मग पंढरीची वाट धरा.

॥ पुंडलिक वरदा हरि विठ्ठल ॥